पंडिता रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका

आपल्या ज्ञातीत होऊन गेलेल्या थोर व्यक्तींची चरित्रे स्मरणिकेत देण्याची प्रथा जुनी आहे. पेशवाईतील मुत्सद्दी, न्यायाधीश, इतिहाससंशोधक, क्रांतिकारक अशा अनेकांना या पृष्ठांत मानाचे स्थान मिळाले. पंडिता रमाबाईंना ते आजवर मिळाले नव्हते. यंदा त्यांचे चरित्र द्यावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा संपादक मंडळातही एकमत नव्हते. ज्या व्यक्तीने धर्म सोडला तिचा ज्ञातीशी संबंध तेथेच संपला, मग ज्ञातीच्या स्मरणिकेत तिचे प्रयोजन काय, असा आक्षेप काही वडीलधाऱ्या सभासदांनी घेतला. आक्षेप प्रामाणिक होता व तो आम्ही पूर्ण ऐकून घेतला. धर्मांतराच्या वादात शिरण्याचा आमचा अधिकार नाही व हेतूही नाही. परंतु ज्या बाईंनी परमुलूख पाहून तो मराठीत आपल्यासाठी लिहून ठेवला, त्यांच्या त्या प्रवासाची हकीकत ज्ञातिबांधवांस सांगण्यास धर्माची अडचण येऊ नये, असे आम्हांस वाटले. शिवाय त्या प्रवासाचे फळ आपल्याच घरांत कसे पोहोचले हेही सांगावयाचे आहे. ते पुढे येईलच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. आज हा भाग कर्नाटकात मोडतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत असता, गुरुजी पेशव्यांच्या वाड्यातील स्त्रीस संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले आणि आपल्या घरातील स्त्रीसही ही विद्या द्यावी असा निश्चय केला. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी शिकविले. त्यापायी पंडितांच्या सभेपुढे उत्तरे द्यावी लागली, आणि शेवटी वस्ती सोडून अरण्यात बिऱ्हाड करावे लागले. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या त्या तेथेच. पुढे द्रव्य सरले, आणि पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणे हाच कुटुंबाचा संसार झाला. १८७४ च्या दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण अशी तिघे काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवासशास्त्री व रमाबाई, पायी हिंदुस्थान तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचेही निधन झाले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

एवढा वृत्तांत थोडक्यात देण्याचे कारण असे की, परदेशी जाण्यापूर्वीच ही बाई स्वदेशात परकी होऊन चुकली होती. जन्म अरण्यातला, गाव नाही, घर नाही, भाऊबंद नाहीत. सासर बंगालचे, तेही ज्ञातीबाहेरचे. पुण्यास आल्या त्या पाहुणी म्हणूनच. न्यायमूर्ती रानडे, रमाबाई रानडे आदी मंडळींनी त्यांचे स्वागत केले; १८८२ साली आर्य महिला समाज निघाला, हंटर कमिशनपुढे साक्ष झाली, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक निघाले. परंतु ज्ञातीच्या घरांत विधवेचे जे स्थान होते, ते या विदुषी विधवेसही वेगळे कोणी देऊ केले नाही. आपण कोणाचे नाही ही जाणीव ज्याला असते, त्याला दुसऱ्याचे घर पाहण्याची एक निराळी नजर येते. रमाबाईंच्या प्रवासलेखनात ती नजर आम्हांस पानोपानी दिसते.

वैद्यकी शिकावी या इच्छेने त्या एप्रिल १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. स्त्रीधर्मनीतीच्या विक्रीचा पैसा भाड्यास उपयोगी पडला. वँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीमंडळाने आश्रय दिला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्मघात करून घेतला. त्या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात जो क्षोभ झाला तो सर्वश्रुत आहे. तिकडे काय झाले हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत व संस्कृत शिकवीत असता, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही यावर पाद्र्यांच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. धर्ममतांविषयी त्या प्रश्न विचारीत, आणि वडीलधाऱ्या भगिनींनी सांगितले म्हणून ते मान्य करण्यास तयार नसत. त्रैक्याच्या सिद्धांतावरून तर लांबलचक पत्रव्यवहार झाला. ज्या मुलीच्या बापाने पंडितांपुढे मान तुकविली नाही, ती बिशपांपुढे तरी कशी तुकविणार! आहारही त्यांनी अखेरपर्यंत शाकाहारीच ठेवला. याच काळात त्यांची श्रवणशक्ती क्षीण झाली आणि वैद्यकीचा बेत सोडून द्यावा लागला. पुढील सारा प्रवास कानाने अधू असलेल्या व्यक्तीने केलेला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८८६ च्या आरंभी फिलाडेल्फियाहून निमंत्रण आले. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. आनंदीबाई जोशी पदवी घेणार होत्या, आणि महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी समारंभास रमाबाईंना बोलाविले. उत्तर अटलांटिकचा हिवाळी समुद्र ओलांडून त्या मार्चच्या आरंभी मुलीसह पोहोचल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी तो समारंभ त्यांनी पाहिला. दोघीही आपल्याच ज्ञातीच्या. एक पतीच्या आग्रहाने शिकलेली व स्वधर्मात राहिलेली, दुसरी पती गमावलेली व धर्म बदललेली; परक्या नगरीत एका सभागृहात त्या दोघी भेटल्या. आनंदीबाई त्याच वर्षी स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. रमाबाईंचा अमेरिकेतील मुक्काम थोडक्या दिवसांचा ठरला होता, तो जवळजवळ पावणेतीन वर्षांचा झाला.

या काळात त्यांनी बोस्टनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत प्रवास केला, व्याख्याने दिली, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, आणि १८८७ साली द हाय-कास्ट हिंदू वूमन हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. पण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते ते परतल्यावर १८८९ साली मुंबईत छापलेले मराठी पुस्तक, युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त. त्या काळी हिंदुस्थानातून परदेशी जाणारे बहुतेक विलायतेस जात आणि विलायतेलाच सारे पाश्चात्य जग समजत. इंग्रजांची सत्ता झुगारून दिलेला, राजाविना चाललेला देश मराठी वाचकापुढे एका स्त्रीने मांडावा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. राज्यव्यवस्था, घरगुती राहणी, शाळा, धर्मपंथ व धर्मादाय संस्था, उद्योगव्यापार असे विषय त्यात क्रमाने आले आहेत. सर्वांत विस्तृत प्रकरण मात्र स्त्रियांच्या स्थितीचे आहे.

हे प्रकरण वाचताना एक गोष्ट लक्षात येते. अमेरिकन स्त्री मूळचीच भाग्यवान, असे चित्र रमाबाई रंगवीत नाहीत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्याही देशात मुलींस उच्च शिक्षणाची दारे बंद होती, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या स्त्रीची टवाळी होत होती, विवाहितेच्या मिळकतीवर नवऱ्याचा हक्क होता; आणि पुढे स्त्रियांनी एकत्र येऊन, वर्गणी काढून, सभा भरवून एकेक दार कसे उघडले, हे त्या सांगतात. म्हणजे त्यांनी श्रीमंत माणसाचा वाडा पाहून डोळे दिपवून घेतले नाहीत. तो कोणत्या विटांनी व किती वर्षांत बांधला याची चौकशी केली. मद्यपाननिषेधासाठी स्त्रियांनी १८७४ साली स्थापिलेल्या संघाचे त्यांना फार कौतुक. फ्रान्सेस विलर्ड या त्याच्या अध्यक्ष व रमाबाईंच्या स्नेही. गावोगावच्या शाखा, त्यांच्या चिटणीस, हिशेब, ठराव, हे सारे गृहिणी चालवितात, हे पाहून त्यांना जो उत्साह वाटला तो पुस्तकात लपत नाही. आपल्या संघाची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना या उत्साहाचे मोल, आणि त्यातील कष्टही, निराळे समजावून सांगावयास नको.

दोष दाखविण्यातही त्यांनी कसर केली नाही. गुलामगिरी कायद्याने संपून वीस वर्षे लोटली तरी काळ्या वर्णाच्या लोकांस पदोपदी मिळणारी तुच्छतेची वागणूक त्यांनी नोंदविली. तेथील मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा हिरावल्या गेल्या हेही लिहिले. गुलामीतून स्वतः पळून जाऊन पुन्हापुन्हा परत येऊन इतरांस सोडविणाऱ्या हॅरिएट टबमन यांची त्यांनी भेट घेतली. वर्णभेदाचे हे दुखणे ओळखण्यास त्यांना वेळ लागला नाही याचे नवल वाटू नये. जातिभेद जवळून पाहिलेल्या डोळ्यांस ते नवे नव्हते. तरीही आमचे मत स्पष्ट सांगावयाचे तर, त्यांच्या चित्रात उजेड थोडा अधिक पडला आहे. त्या ज्यांच्या घरी उतरल्या ती कुटुंबे सुखवस्तू, सुशिक्षित व परोपकारी होती. ज्याच्या घरी आपण जेवलो त्याच्या देशाचे गुण आधी दिसतात, हा पाहुण्याचा स्वभावच आहे. आणि रमाबाईंना मायदेशात असा पाहुणचार थोडाच लाभला होता.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. हिंदू विधवांसाठी धर्मनिरपेक्ष शाळा काढावी आणि तिचा खर्च दहा वर्षे अमेरिकेतून चालावा अशी योजना होती. गावोगावी मंडळे निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर, असा दहा वर्षांचा वायदा. एका बड्या दात्याच्या देणगीऐवजी अनेकींच्या लहान वर्गणीवर संस्था उभारण्याची ही रीत रमाबाईंनी तेथेच पाहिली होती व तेथेच वापरली. नोव्हेंबर १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघून, जपानमार्गे, त्या १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईस आल्या. ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे फिलाडेल्फियाच्या समारंभाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, चौपाटीवर शारदा सदन उघडले. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या.

शारदा सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे कोकणातील गोदूबाई. सोवळेओवळे, स्वयंपाक, व्रते पाळण्याची मुलींस मोकळीक होती. १८९० साली सदन पुण्यास गेले. त्याच सुमारास पुण्यात मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याबद्दल रानडे व टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य चालले होते. त्यावरून गावचे वातावरण कळेल. १८९३ साली सदनातील मुलींस ख्रिस्ती प्रार्थनेचे वळण लागते असा आरोप झाला, केसरीने टीकेची झोड उठविली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढले, आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. मुली प्रार्थनेस बसत होत्या व रमाबाई त्यांना अडवीत नव्हत्या, एवढे खरे. पालकांची भीती निराधार नव्हती असे आम्हीही म्हणू. परंतु काढून नेलेल्या मुलींसाठी आपल्या ज्ञातीने त्या दिवशी दुसरी कोणती शाळा उघडी ठेवली होती, या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नाही.

त्याच १८९३ साली गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला. वर होते प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. या विवाहाबद्दल कर्व्यांवर त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार टाकला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि गोदूबाई आता आनंदीबाई कर्वे म्हणून त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या आज्या, पणज्या आपल्या सभासद कुटुंबांत किती आहेत, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे. १९५८ साली कर्व्यांना भारतरत्न मिळाले तेव्हा ज्ञातीला आनंद झाला आणि तो योग्यच होता. मात्र आनंदीबाईंची पहिली पाटी ज्या सदनात हाती आली, त्याचे भाडे अमेरिकेतील अनोळखी गृहिणींच्या वर्षाकाठच्या एकेका डॉलरातून भरले जात होते, ही गोष्ट या पृष्ठांत आजच प्रथम छापली जात आहे.

रमाबाई पुढे केडगावास गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना त्यांनी आणले व मुक्ती सदन उभारले. त्या कार्याची, आणि मूळ भाषांतून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावीच देह ठेवला. १९८९ साली भारत सरकारने त्यांचे तिकीट काढले. त्यांचे अमेरिकेवरील पुस्तक मीरा कोसंबी यांनी इंग्रजीत आणले व ते २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्यांच्याविषयी ते लिहिले होते त्यांच्या नातवंड-पणतवंडांना ते एकशे चौदा वर्षांनी वाचावयास मिळाले. मूळ मराठी पुस्तकाची एक प्रत संघाच्या ग्रंथालयाने यंदा मिळविली आहे. सभासदांनी ती कार्यालयाच्या वेळात मागून घ्यावी. प्रत एकच असल्याने घरी नेता येणार नाही.