गुरूंनी डोंगरावरून घरी पाठवलं आणि पैठणच्या वाड्यात एकनाथांची भारुडं घडली

रील्स बघताना दर दोन-चार व्हिडीओंनंतर एक व्हिडीओ हमखास येतो. कुणीतरी नोकरी सोडलेली असते, शहर सोडलेलं असतं, डोंगरात छोटंसं घर बांधलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं की खरं सुख इथंच आहे. बघणाऱ्यालाही दोन मिनिटं वाटतं, आपणही बॅग भरावी. तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, ऑफिसमधून फोन येतो आणि विषय तिथंच संपतो.

पण ज्याला घर सोडता येत नाही, त्यानं काय करायचं?

छत्रपती संभाजीनगरपासून साधारण ५० किलोमीटरवर पैठण आहे. तिथल्या एका माणसानं साडेचारशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर जगून दाखवलं. तो डोंगरावर गेलाही होता, पण परत आला. लग्न केलं, मुलं झाली, पाहुणेरावळे केले आणि या सगळ्या गडबडीत मराठीला कायमचं पुरेल एवढं लिहून ठेवलं.

ते म्हणजे संत एकनाथ.

आईवडिलांविना वाढलेला मुलगा

एकनाथांचा जन्म १५३३ च्या सुमारास पैठणमध्ये झाला. आज ज्याला आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो, ते शहर तेव्हा वसलेलंच नव्हतं. मलिक अंबरनं खडकी हे शहर वसवलं ते १६१० मध्ये, म्हणजे नाथ गेल्यानंतर. नाथांच्या काळात या भागात निजामशाहीचा अंमल होता आणि दबदबा होता तो देवगिरीच्या किल्ल्याचा.

घराणं वारकरी. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती ज्यांनी पंढरपूरला परत आणली असं परंपरा सांगते, ते संत भानुदास हे एकनाथांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी, दोघंही एकनाथ लहान असतानाच गेले. पोराला वाढवलं ते आजोबा चक्रपाणी आणि आजीनं.

बारा वर्षांचं वय होत आलं आणि हा मुलगा घरात कुणालाही न सांगता निघाला. थेट देवगिरीवर पोहोचला.

एका पैची चूक

देवगिरीचे किल्लेदार होते जनार्दनस्वामी. गडाचा कारभार सांभाळणारा आणि त्याच वेळी दत्तभक्तीत बुडालेला माणूस. एकनाथांना हवे तसे गुरू मिळाले.

पण गुरूंनी त्यांना लगेच ध्यानाला बसवलं नाही. गडावरची पडतील ती कामं करायची, सेवा करायची आणि जमाखर्च लिहायचा.

इथली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एकदा हिशोबात एका पैचा फरक येत होता. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या चाळत बसले. पहाटे चूक सापडली तसा त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी टाळीच वाजवली. त्या आवाजानं जनार्दनस्वामी आले. कारण कळल्यावर ते म्हणाले की एक पै सापडल्यावर एवढा आनंद होतो, तर हेच चित्त देवाकडे लावलं तर किती होईल.

गोष्ट साधीच आहे, पण नाथांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली तिच्यात आहे. मन लावून केलेलं कुठलंही काम, मग तो जमाखर्च का असेना, साधनाच असतं.

यानंतर गुरूंनी त्यांना जवळच्या शूलिभंजन डोंगरावर तपाला पाठवलं. पुढं दोघं तीर्थयात्रेला निघाले. त्र्यंबकेश्वरला गुरूंच्या सांगण्यावरून एकनाथांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत टीका लिहिली. ही त्यांची पहिली रचना मानली जाते.

आता घरी जा

इथून पुढं एकनाथ संन्यासी झाले असते, तर कुणालाच नवल वाटलं नसतं. पण झालं उलटं.

म्हाताऱ्या आजी-आजोबांनी नातवाचा शोध घेत देवगिरी गाठली होती आणि जनार्दनस्वामींकडून एक पत्र लिहून घेतलं होतं. यात्रा उरकून एकनाथ पैठणला आले, तेव्हा ते पत्र त्यांच्या हातात पडलं. आहेस तिथंच थांब, लग्न कर, संसार कर, असा त्या पत्राचा आशय. परंपरा सांगते की पत्र वाचलं त्या जागेवरून एकनाथ पुढं सरकलेच नाहीत. तिथंच त्यांचं घर उभं राहिलं.

पत्नीचं नाव गिरिजाबाई. पुढं दोन मुली आणि एक मुलगा झाला.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. साधं जगणं म्हणजे हलाखीत जगणं, असं नाथांच्या बाबतीत नव्हतं. मोठा वाडा होता, घरात माणसांचा राबता होता, दारात आलेला उपाशी जात नव्हता. मग साधेपणा कशात होता? तो होता दिवसाच्या आखणीत. पहाटे उठायचं, गोदावरीवर स्नान, पूजा, ग्रंथाचं वाचन, आलेल्या माणसांसोबत जेवण, दुपारी पुराण आणि रात्री कीर्तन. वर्षानुवर्षं हेच. याच चाकोरीत राहून त्यांनी हजारो ओव्या लिहिल्या.

आणि हे एकट्याचं काम नव्हतं. येईल त्याला वाढणाऱ्या गिरिजाबाई आणि घरात राबणारा उद्धव यांच्याशिवाय ही चाकोरी एक दिवसही टिकली नसती. श्रीखंड्याची गोष्ट याच वाड्यातली. श्रीकृष्णानं श्रीखंड्या नावाच्या गड्याचं रूप घेऊन नाथांच्या घरी बारा वर्षं पाणी भरलं, अशी श्रद्धा आहे. आजही वाड्यातला रांजण नाथषष्ठीच्या आधी भरायला घेतात. पाणी भरणं, चंदन उगाळणं हीसुद्धा देवानं करावीत अशी कामं आहेत, हे लोकांनी त्या गोष्टीतून लक्षात ठेवलं.

विंचू, सून आणि वासुदेव

भारूड हा प्रकार नाथांच्या आधीही होता, पण तो घराघरांत नेला नाथांनी. सुमारे ३०० भारुडं त्यांच्या नावावर सांगितली जातात.

त्यांचे विषय बघितले की चकित व्हायला होतं. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, आंधळा, बहिरा, फुगडी, पिंगा, एडका, विंचू. म्हणजे वाड्याच्या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघितलं की जे दिसेल ते. यातलं काहीही बघायला हिमालयात जावं लागत नव्हतं. पैठणमधला प्रत्येक माणूस हे रोज बघत होता. त्यातून कविता होऊ शकते, हे मात्र नाथांना दिसलं.

विंचवाच्या भारुडात वरवर बघितलं तर विंचू चावलेल्या माणसाची तडफड आहे. आत बघितलं तर तो विंचू म्हणजे काम आणि क्रोध, आणि त्यावर उतारा सत्त्वगुणाचा. शाहीर साबळेंच्या आवाजात हे भारूड महाराष्ट्रभर पोहोचलं. दुसऱ्या एका भारुडात सासरला कंटाळलेली सून भवानीआईला नवस बोलते की घरातल्या एकेकाला माझ्या वाटेतून दूर कर. बायका आधी पोट धरून हसतात. मग लक्षात येतं की हे सासर म्हणजे आपल्याच मनातला पसारा आहे.

हिंदू आणि तुर्क यांच्यातला एक खटकेबाज संवादही नाथांनी लिहिला आहे. त्यात दोघं एकमेकांच्या धर्मातल्या विसंगती काढत कडाकडा भांडतात आणि शेवटी समजुतीवर येतात.

काशीचा वाद

नाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहायला घेतली. तिचे सुरुवातीचे अध्याय काशीला पोहोचले आणि तिथले पंडित चिडले. संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणायचं म्हणजे काय? नाथांना जाब द्यायला बोलावलं गेलं, असं परंपरा सांगते.

नाथ गेले. भांडत बसण्यापेक्षा त्यांनी लिहिणं चालू ठेवलं. काशीतच १५७१ मध्ये रुक्मिणी स्वयंवर पूर्ण झालं. लग्न जमावं म्हणून मुलींनी ते वाचायची पद्धत अनेक घरांत आजही आहे. १५७३ मध्ये एकनाथी भागवत पूर्ण झालं. ३१ अध्याय आणि १८ हजारांहून जास्त ओव्या. शेवटी विरोध करणाऱ्या काशीकरांनीच ग्रंथाची मिरवणूक काढली, असं सांगतात.

पैठणला परतल्यावर त्यांनी आणखी एक काम हाती घेतलं, ज्यात स्वतःची कविता नव्हतीच. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली, त्याला तोवर जवळपास ३०० वर्षं झाली होती. नकलून घेता घेता पाठ बिघडले होते, कुणी कुणी आपल्या ओव्या मध्ये घुसवल्या होत्या. नाथांनी वेगवेगळ्या प्रती ताडून बघितल्या आणि १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. यापुढं यात कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही लिहून ठेवली. एका पैसाठी रात्र जागवणारा मुलगा पन्नाशीत दुसऱ्याच्या ग्रंथातला एकेक शब्द जुळवत बसला होता.

घरातलंच भांडण

पण हे समाधान फुकट मिळालेलं नव्हतं.

नाथांचं वागणं गावातल्या कर्मठांना झोंबत होतं. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात चुकलेलं, त्या काळी अस्पृश्य ठरवलेल्या घरातलं मूल त्यांनी कडेवर घेऊन घरी पोहोचवलं. श्राद्धाचं अन्न आधी दारातल्या भुकेल्यांना वाढलं, तेव्हा ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला. काशीहून रामेश्वरासाठी आणलेलं गंगेचं पाणी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. या गोष्टींमध्ये चमत्कारही मिसळले आहेत. महिपतींनी १७६२ मध्ये भक्तविजय लिहिला, तोवर त्या लोकांच्या तोंडी चांगल्याच रुळल्या होत्या.

सगळ्यात जवळचा विरोधक मात्र घरातच होता. मुलगा हरिपंडित संस्कृतचा विद्वान. वडिलांनी मराठीत पुराण सांगावं आणि कुणाच्याही घरी जेवावं, हे त्यांना पटत नव्हतं. ते रागावून काशीला निघून गेले. नाथ समजूत काढायला गेले तेव्हा हरिपंडितांनी अटी घातल्या. परान्न घ्यायचं नाही आणि मराठीत पुराण सांगायचं नाही.

आणि नाथांनी ते मान्य केलं.

हरिपंडित वाड्यात संस्कृतातून पुराण सांगू लागले आणि हळूहळू श्रोते यायचे थांबले. ज्या अंगणात गाव मावत नव्हतं, ते रिकामं पडलं. पुढं एका गरीब बाईच्या आग्रहाखातर नाथ तिच्या घरी जेवले आणि तिथल्या प्रसंगानं हरिपंडितांना आपली चूक कळली, असं कथा सांगते. पण ते रिकामं अंगण महत्त्वाचं आहे. मुलासाठी आपलं सगळ्यात आवडतं काम बाजूला ठेवणं, हाही नाथांच्या संसाराचा भाग होता.

अर्धं राहिलेलं पुस्तक

शेवटच्या वर्षांत नाथ भावार्थ रामायण लिहीत होते. पाच कांडं झाली, युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला.

उरलेलं रामायण पूर्ण केलं गावबानं. हा गावबा कोण? पुरणपोळी खायला मिळते म्हणून नाथांच्या घरी राहिलेला मुलगा, अशी त्याची कथा आहे. पंक्तीला बसायला आलेल्या पोरानं नाथांचा ग्रंथ तडीस नेला.

नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर पुढं मोठा कवी झाला. १९३५ मध्ये प्रभातनं नाथांवर व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली सिनेमा काढला, त्यात नाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली. आधी सिनेमाचं नाव महात्मा होतं. गांधीजींची आठवण होईल म्हणून ब्रिटिश सेन्सॉरनं हरकत घेतली, मग ते धर्मात्मा झालं.

आज पैठणजवळ जायकवाडी धरणाचा जलाशय नाथसागर म्हणून ओळखला जातो. दरवर्षी नाथषष्ठीला दिंड्या येतात, गोदाकाठ माणसांनी भरून जातो. त्या गर्दीतला जवळपास प्रत्येक जण घरदार असलेला, शेती नाहीतर नोकरी करणारा असतो. दोन दिवसांनी काला होतो, लाह्या-दह्याचा प्रसाद हातात पडतो आणि माणसं आपापल्या घरी परत जातात. नाथांना त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं, तेही हेच होतं.