देवगंधर्व भास्करबुवा बखले

कै. भास्करबुवा बखले ह्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांचा आवाज आमच्यापैकी कोणी ऐकलेला नाही. असे असूनही ज्या मराठी घरात नाट्यगीतांची आवड आहे, तेथे बुवांच्या चाली अपरिचित असतील असे आम्हांस वाटत नाही. हे कसे घडले ते थोडक्यात निवेदन करण्याचे योजिले आहे.

बुवांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बडोदे संस्थानातील कठोर ह्या गावी झाला. घरी दारिद्र्य, पण मुलाचा गळा अत्यंत गोड. त्या गळ्याच्या बळावर बालवयातच त्यांचा किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश झाला व प्रसिद्ध बीनकार बंदे अली खाँ ह्यांचीही कृपा त्यांना लाभली. पुढे वयपरत्वे आवाज फुटला. ज्या गुणासाठी मुलाला जवळ केले होते तोच नाहीसा झाल्यावर मंडळीत त्याची किंमत ती काय राहणार? मुलाने रंगभूमी सोडली, परंतु गाणे सोडले नाही.

बडोद्यास फैज महंमद खाँ, तदनंतर आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि शेवटी अल्लादिया खाँ, अशा तीन थोर उस्तादांपाशी त्यांनी विद्या संपादन केली. त्या काळी चीजा म्हणजे घराण्याची ठेव. ती बाहेरच्या शिष्याच्या हाती सहजासहजी पडत नसे. गुरुगृही सेवा करीत वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बुवांनी ती पाहिली. अखेर तिन्ही घराण्यांचे मर्म त्यांच्या एका कंठात एकवटले आणि त्यांचे नाव पार पंजाबपर्यंत गेले.

इतक्या कष्टाने मिळालेले धन त्यांनी जपून ठेवले असते तरी कोणी दोष दिला नसता. बुवांनी ते वाटले. धारवाडास त्यांनी काही काळ संगीतशिक्षकाचे काम केले. १९११ साली त्यांनी पुण्यात जी संस्था स्थापिली, तीच पुढे भारत गायन समाज ह्या नावाने नावारूपास आली. मास्तर कृष्णराव, बालगंधर्व, गोविंदराव टेंबे, दिलीपचंद्र वेदी ह्या सर्वांनी त्यांच्यापासून विद्या घेतली. आमच्या चर्चच्या गायकवृंदात ज्यांनी मुलांना एखादे गीत बसवून दिले आहे, त्यांना ह्या कामी किती धीर लागतो हे सांगावयास नको.

१९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि पदांना चाली बुवांच्या. यमन, भीमपलास, बिहाग हे राग तोवर दरबारात किंवा जाणत्यांच्या बैठकीत ऐकावयाचे. ते आता तिकीट काढून आलेल्या कारकुनाच्या व दुकानदाराच्या ओठी खेळू लागले. रागाची शुद्धता न बिघडविता चाल सोपी करणे हे आमच्या मते बुवांचे सर्वांत अवघड काम. जन्मभर ख्याल गाणाऱ्यालाच ते साधले. ज्या रंगभूमीवर त्यांच्या फुटलेल्या आवाजाला जागा उरली नव्हती, तिथेच ते असे पुन्हा ऐकू येऊ लागले, तेही दुसऱ्यांच्या मुखाने!

८ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, पुण्यास बुवांचे देहावसान झाले. गंधर्व नाटक मंडळीच्या नव्या नाटकांच्या चालींचे काम पुढे त्यांचे तरुण शिष्य मास्तर कृष्णराव ह्यांच्याकडे आले. १९३१ च्या ‘कान्होपात्रा’चे संगीत त्यांचेच. बुवांनी सुरू केलेल्या गायन समाजाची धुराही पुढे त्यांनीच वाहिली.