पंडिता रमाबाई

ख्रिस्ती झाले म्हणजे आपली रीत टाकून दुसऱ्या कोणासारखे व्हावे लागते, असे कित्येकांस वाटते. पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून ही समजूत खोटी ठरते.

बाईंचा जन्म १८५८ साली झाला. आईबापांनी त्यांस संस्कृत विद्या शिकविली. पुढे दुष्काळाच्या हालांत ती दोघेही वारली. १८८३ साली इंग्लंडात बाईंचा बाप्तिस्मा झाला. तेथेही त्यांनी लुगडे सोडले नाही व मांस खाल्ले नाही. धर्ममतांविषयी वडीलधाऱ्यांशी त्या निर्भयपणे वाद करीत व स्वतः पारखल्यावाचून कोणतेही मत स्वीकारीत नसत.

१८९६ च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात गेल्या व शेकडो निराधार विधवांस आणि मुलींस आपल्या आश्रयास घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात प्रार्थना जशी चाले, तसेच दळण, शेती, विणकाम व छापखानाही चाले. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास व टोपल्या विणावयास शिकवीत.

अडाणी बायांस शास्त्र समजावे म्हणून बाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून ते सोप्या मराठीत आणिले. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी हे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूकडे गेल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, देवाने आपणांस रमाबाई केले नाही. कोणाच्या हाती नांगर दिला आहे, कोणाच्या हाती जाते. तेच काम खरेपणाने व शेजाऱ्याच्या हितासाठी करणे, ही आपली साक्ष होय, असे आम्हांस वाटते.