रानाला माहेर मानणाऱ्या गौरादेवी

आजच्या उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात, लाता या गावी १९२५ साली एका भोटिया कुटुंबात गौरादेवींचा जन्म झाला. बाराव्या वर्षी विवाह होऊन त्या जवळच्याच रैणी गावी आल्या. बाविसाव्या वर्षी, पदरात अडीच वर्षांचा मुलगा असताना, त्यांना वैधव्य आले. भोटियांचा पिढीजात आधार म्हणजे तिबेटशी चालणारा लोकरीचा व्यापार. १९६२ च्या युद्धाने तोही संपला. उरले शेत, गुरे आणि रान.

त्या रानातून सरपण आणि चारा वाहून आणायचा बायकांनी, त्याविषयी बोलायचे मात्र पुरुषांनी, अशी तेथील रीत होती. १९७३ मध्ये मंडल येथे ‘चिपको’ सुरू झाले, तेव्हाही मुख्य मागणी होती ती शेतीच्या अवजारांसाठी गावकऱ्यांना लाकूड मिळावे ही. अलकनंदेच्या १९७० च्या महापुरानंतर उघडा डोंगर म्हणजे काय, हे पाण्याच्या वाटा तुडवणाऱ्या बायकांनाच अधिक उमगले असावे.

रैणीतील सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. २६ मार्च १९७४ रोजी गावातील पुरुष चमोलीला गेले होते. सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची रखडलेली भरपाई नेमकी त्याच दिवशी मिळणार होती. चिपकोचे नेते चंडीप्रसाद भट्ट यांनाही वनाधिकाऱ्यांनी गोपेश्वरला गुंतवून ठेवले होते. लाकूडतोड्यांची टोळी जंगलाकडे निघालेली एका मुलीने पाहिली आणि ती धावत गौरादेवींकडे आली. महिला मंगल दलाच्या त्या अध्यक्षा. सत्तावीस बायका-मुलींना घेऊन त्या रानात शिरल्या. मजुरांना त्यांनी विनवले, की हे रान आमचे माहेर आहे. बंदूक रोखली गेली तेव्हा मात्र विनवणी संपली; त्या छाती पुढे करून उभ्या राहिल्या. टोळी मागे फिरली. बायकांनी रात्रभर झाडांपाशी पहारा दिला.

शासनाने वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर रैणी व अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात दहा वर्षे वृक्षतोडीस बंदी आली. पुढे १९८२ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झाले आणि ज्या रानासाठी बायका उभ्या राहिल्या, त्यातील गावकऱ्यांच्या चराईच्या वाटाच आक्रसल्या. झाड वाचले, अधिकार गेला, ही खंत रैणीत राहिली.

४ जुलै १९९१ रोजी गौरादेवींचे निधन झाले. चिपको म्हटले की तोवर पुरुष नेत्यांचीच नावे देशभर घेतली जात होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऋषिगंगेच्या पुराने रैणीला तडाखा दिला. गाव धोक्यात आले आणि त्याच वर्षी तेथील गौरादेवींचा पुतळाही हलवावा लागला.