सीताफळाच्या गुणसूत्रांपासून कर्करोगापर्यंत

फुलंब्रीपासून बालाघाटापर्यंत मराठवाड्याच्या माळरानांना सीताफळ परके नाही. याच फळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळून डॉ. कमल रणदिवे यांनी १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. पदवी मिळविली. पुण्यातच ८ नोव्हेंबर १९१७ रोजी समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलीने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा; मुलीने मात्र पेशीचे केंद्रक निवडले.

विवाहानंतर मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या संबंधावर त्यांनी उंदरांवर प्रयोग केले.

कर्करोगग्रस्त पेशीचे केंद्रक फुगते, वेडेवाकडे होते. निदान करणारा तज्ज्ञ आधी तेच पाहतो. केंद्रकाच्या आवरणाला आतून आधार देणारी लॅमिन प्रथिनांची जाळी आणि डीएनएचा धागा गुंडाळून ठेवणारी हिस्टोन प्रथिनांची रिळे यांचा उलगडा होण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले. कमलताईंची उमेदीची वर्षे त्याआधीची. बिघाड डोळ्यांना दिसत होता, पण आतला सांगाडा अज्ञात होता.

१९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा त्यांनी केलेला अभ्यास त्यामानाने उपेक्षितच राहिला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.