रक्ताची गोष्ट

१९५८ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, आयझॅक आसिमॉव्हने बोस्टन विद्यापीठातल्या पगारावर पाणी सोडले. जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापकपद राखले ते नावापुरते. घरी बायको, दोन लहान मुले. एक तारखेच्या पगारावर उभा जन्म काढलेल्या आम्हा बँकवाल्यांना या धाडसाची किंमत बरोबर कळते!

१९२३ मध्ये, तीन वर्षांचा असताना, तो रशियातून आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. ब्रुकलिनमधल्या वडिलांच्या गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानात मासिकेही असत. त्यातल्या विज्ञानकथांवर हा मुलगा वाढला. पुढे लिहिले तरी किती! 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (१९५४) या कादंबरीत खुनाचा तपास करणाऱ्या पोलिसाचा जोडीदार चक्क यंत्रमानव आहे. पगार सुटल्यावर त्याने सामान्य वाचकाला अणू, तारे, बायबल, शेक्सपिअर, सारे उलगडून दाखवले. पुस्तके पाचशेच्या घरात गेली. त्यातले 'द लिव्हिंग रिव्हर' (१९६०) मानवी रक्तावर होते.

डिसेंबर १९८३ मध्ये त्याची बायपास शस्त्रक्रिया झाली. रक्तातला एचआयव्ही ओळखणारी चाचणी तोवर बाजारात आलीच नव्हती. दिलेल्या रक्तातून त्याला लागण झाली. लोकांना त्या रोगाचा विलक्षण धसका. डॉक्टरांनीच गप्प राहण्याचा सल्ला दिला. ६ एप्रिल १९९२ रोजी तो गेला. हृदय आणि मूत्रपिंडे निकामी झाली, एवढेच जगाला कळले. उरलेले सत्य दुसरी पत्नी जॅनेट हिने २००२ मध्ये सांगितले.

रक्ताची गोष्ट साऱ्यांना सोपी करून सांगणाऱ्याला स्वतःच्या रक्ताची गोष्ट मात्र मनातच ठेवावी लागली.