कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे व रविवारचा विसावा

शास्त्राच्या तासाला निर्गमाचा विसावा अध्याय शिकविण्याचा प्रसंग आला कीं, वर्गांतील एखादा चौकस मुलगा हटकून एक प्रश्न विचारतो. चौथ्या आज्ञेंत सातवा दिवस पवित्र पाळावा असें सांगितलें आहे. सातवा दिवस म्हणजे शनिवार. मग आपण पहिला दिवस, म्हणजे रविवार, कां पाळतों? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर येथें थोडक्यांत देऊन मग आम्ही ज्यांचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे त्या गृहस्थांकडे वळूं. हे गृहस्थ ख्रिस्ती नव्हते. तरी रविवारच्या विसाव्याचा विचार आपल्या प्रांतांत त्यांना वगळून करतां येणार नाहीं.

यहूदी लोक शुक्रवारच्या सायंकाळपासून शनिवारच्या सायंकाळपर्यंत शब्बाथ पाळतात. त्यासाठीं दूर देशीं जावयास नको. आपल्या कोंकणकिनाऱ्यावर बेने इस्राएल लोक शेंकडों वर्षें राहिले. ते मराठी बोलत, तेल गाळण्याचा धंदा करीत, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. त्यावरून शेजाऱ्यांनीं त्यांचें नांवच शनवार तेली असें पाडिलें. आद्य ख्रिस्ती मंडळींतील पुष्कळ जण यहूदीच होते. परंतु प्रभूचें पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशीं झालें म्हणून त्या दिवशीं ते एकत्र जमूं लागले. त्रोवस येथील शिष्य त्याच दिवशीं भाकर मोडण्यास जमले होते, आणि करिंथ येथील मंडळीनें दानाचा पैसा त्याच दिवशीं बाजूस काढून ठेवावा असें पौलानें लिहिलें. सुटीचा दिवस म्हणून रविवारला राजाज्ञा मिळाली ती मात्र पुढें, सन ३२१ मध्यें. रोमी बादशहा कॉन्स्टंटाईन यानें न्यायाधीश, नगरवासी व कारागीर यांनीं त्या दिवशीं काम करूं नये असें फर्माविलें. शेतकऱ्यांना त्यानें सूट दिली, कारण पेरणीची वेळ कोणासाठीं थांबत नाहीं.

ॲड्व्हेंटिस्ट बंधु आजही शनिवारच पाळतात, आणि आज्ञेचा शब्द त्यांच्या बाजूनें आहे हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. आमच्या मतें पुनरुत्थानाचा दिवस पाळणें योग्य आहे. परंतु रोमकरांस लिहितांना पौलानें दिवसांच्या या वादांत एकमेकांस दोषी ठरवूं नये असें बजाविलें आहे, तेंही विसरूं नये. या वादांत एक गोष्ट मात्र नेहमीं मागें पडते. दहा आज्ञा पवित्र शास्त्रांत दोनदा आल्या आहेत. निर्गमांत शब्बाथाचें कारण सृष्टीची उत्पत्ति हें दिलें आहे. अनुवादाच्या पांचव्या अध्यायांत कारण निराळें आहे: तुम्हीही मिसर देशांत दास होतां, म्हणून तुमचा दास, तुमची दासी, तुमचा बैल व गाढव यांसही विसावा मिळाला पाहिजे. दिवस कोणता, यावर ग्रंथ लिहिले गेले. विसावा कोणाला, हा प्रश्न त्या मानानें फार थोड्यांनीं विचारला.

कृष्णाकांठच्या अनेक गांवीं सोमवारीं बैलांच्या मानेवर जूं ठेवीत नसत. तो महादेवाचा वार, नंदीचा वार. म्हणजे आपल्याकडे बैलाला आठवड्याचा एक दिवस मिळत होता. आणि त्याच गांवांतून पोट भरण्यासाठीं मुंबईस गेलेल्या माणसाला मात्र तो मिळत नव्हता.

मुंबईंत पहिली कापडगिरणी १८५४ सालीं निघाली. पुढील तीस वर्षांत परळ, भायखळा या बाजूस धुराड्यांचें रानच उभें राहिलें. त्यांत राबण्यासाठीं रत्नागिरीकडचे लोक गेले, तसे घांटावरून पाटण, कराड, खटाव, वाळवा, शिराळा या तालुक्यांतूनही गेले. (हे सारे तालुके त्या वेळीं सातारा जिल्ह्यांतच होते. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें.) आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे आजे-पणजे या गिरण्यांतून राबले असतील. गिरणीचें काम दिवसाच्या उजेडावर चाले. सूर्य उगवला कीं भोंगा आणि सूर्य मावळला कीं सुटका. उन्हाळ्यांत दिवस मोठा म्हणून कामही मोठें, तेरा-चौदा तासांपर्यंत. सणावारीं गिरणी बंद राहत असे. परंतु रविवारीं यंत्रें पुसण्यासाठीं मजुरांना बोलावीत, आणि अर्धा दिवस त्यांतच जाई.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाणें येथें एका गरीब फुलमाळी कुटुंबांत झाला. शिक्षण बेताचेंच झालें. कांहीं काळ रेल्वेच्या टपाल खात्यांत नोकरी करून ते एका कापडगिरणीच्या कोठारावर कामास लागले. कोठारावरचा कारकून म्हणजे ना मालक ना मजूर. त्याला मालकाचे हिशेब दिसतात आणि मजुरांचे हालही दिसतात. आमच्या समजुतीप्रमाणें लोखंडे यांच्या पुढील सर्व कार्याचें बीज या कोठारांत पडलें.

दुसरा संस्कार जोतीराव फुले यांचा. फुले यांचें मूळ गांव कटगुण हें आपल्या सातारा जिल्ह्यांतील खटाव तालुक्यांत आहे. त्यांचें इंग्रजी शिक्षण पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें. त्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि लोखंडे त्यास मिळाले. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यांत काढिलेलें ‘दीनबंधु’ पत्र पैशाच्या अभावीं बंद पडण्याच्या बेतांत होतें. तें १८८० सालीं लोखंडे यांनीं मुंबईस आणून चालविलें. गुरुशिष्यांत सर्व काळ गोडीच होती असें मात्र नाहीं. फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे पहिले दोन भाग ‘दीनबंधु’नें छापिले आणि पुढें हात आंखडला; त्याचा फुले यांस राग आला. लोखंडे यांचा स्वभाव सावध होता. अर्ज, सभा, सह्या, शिष्टाई हीं त्यांचीं साधनें. कोणी यास भित्रेपणा म्हणेल. परंतु ज्यांच्या पाठीशीं दुसऱ्या दिवशींच्या भाकरीचीही शाश्वति नाहीं अशा हजारों माणसांना घेऊन चालणाऱ्यानें किती जोरानें चालावें, हें दुरून ठरविणें कठीण आहे.

१८८१ सालीं हिंदुस्थानांतील पहिला कारखान्यांचा कायदा झाला. त्यानें सात वर्षांच्या आंतील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा व महिन्यांतून चार सुट्या दिल्या. मोठ्या माणसांविषयीं त्यांत कांहींच नव्हतें. हे नियम व्हावेत म्हणून विलायतेंत ओरड करणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीवाले पुढें होते, आणि त्यांचा डोळा मुंबईच्या स्वस्त मालावर होता. म्हणून येथील मालक, व पुष्कळ देशाभिमानी पुढारीही, अशा कायद्यांकडे संशयानें पाहत. लोखंडे यांची अडचण येथेंच होती. मजुरांची बाजू घेणें म्हणजे परक्या व्यापाऱ्याची बाजू घेणें, असा आरोप त्यांच्यावर सहज करतां येण्याजोगा होता. त्यांनीं तो पत्करिला.

सप्टेंबर १८८४ मध्यें परळच्या सुपारीबागेंत त्यांनीं मजुरांच्या दोन सभा भरविल्या, आणि साडेपांच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. अर्जांतील मागण्या आज वाचल्या म्हणजे मन थक्क होतें, इतक्या त्या लहान आहेत. दर रविवारीं पुरी सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विश्रांति मिळावी. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावें. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातीं पडावा. काम करितांना जखमी झालेल्यास बरें होईपर्यंत वेतन मिळावें. सूर्यास्तापर्यंत काम करण्यास त्यांची तक्रारच नव्हती! याच सुमारास त्यांनीं मुंबई गिरणी कामगारांची संस्था उभी केली व ते तिचे अध्यक्ष झाले. तिला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, नियमही नव्हते. म्हणून ती खरी कामगार संघटना नव्हे असें कांहीं इतिहासकार म्हणतात. तें असो.

रविवारच कां मागितला, हें समजून घेण्यासारखें आहे. सरकारी कचेऱ्या आणि मिशनच्या शाळा रविवारीं आधींपासूनच बंद असत. (हिंदुस्थानांत रविवारची सुटी मुळांत लोखंडे यांनींच आणिली असें हल्लीं कोठें कोठें सांगतात, तें बरोबर नाहीं. त्यांनीं ती गिरणीच्या दारांतून आंत आणिली.) साहेबाला आणि कारकुनाला जो दिवस मिळतो तोच मजुराला कां नको, असा त्यांतील रोख होता. शिवाय घांटावरच्या मजुराला हा वार परका वाटण्याचें कारण नव्हतें. रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीस व आपल्या कराड तालुक्यांतील पालीस जाणाऱ्या घरांतून तो मानिला जातोच. एकच दिवस, आणि त्याकडे बोट दाखविणारीं कारणें किती निरनिराळीं!

अर्ज झाला, चौकशी झाली, आणि कांहींच झालें नाहीं. मालकांचें म्हणणें असें कीं, हे लोक तसेही सणाला गांवीं जातात, मधून मधून खाडे करितात, मग वेगळी सुटी कशाला? सहा वर्षें अशींच गेलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार मजूर जमले. या सभेंत दोन मजूर स्त्रियाही बोलल्या. एकोणिसाव्या शतकांत उघड्या मैदानांत, दहा हजार लोकांसमोर, गिरणींत काम करणाऱ्या बायका उभ्या राहून बोलल्या, हें आमच्या मुलींनीं मुद्दाम ध्यानांत ठेवावें. त्यांचीं नांवें आम्हांस देतां आलीं असतीं तर आनंद वाटला असता.

१० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षींच्या कायद्यानें आठवड्याची सुटी सर्व कारखान्यांना लागू झाली, नऊ वर्षांच्या आंतील मुलांना कामावर घेणें बंद झालें, आणि स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा पडली. स्वराज्यांत १९४८ सालीं जो कारखान्यांचा कायदा झाला त्यांत या प्रश्नाचा निकाल मोठ्या शहाणपणानें लाविला होता: सुटीचा वार रविवार, पण त्या दिवशीं काम घ्यावेंच लागलें तर आधींच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक दिवस पुरी सुटी दिली पाहिजे. कायद्याला वाराची फारशी पर्वा नव्हती, विसाव्याची होती. अनुवादाच्या पांचव्या अध्यायाशीं हें किती जवळचें आहे, तें वाचकांनींच पाहावें. हें लिहीत असतां आपल्या कृष्णाकांठीं ऊस तोडणाऱ्या टोळ्यांची आठवण होते. गळिताच्या हंगामांत त्यांना ना शनिवार असतो ना रविवार, आणि गाडी कारखान्यावर रिकामी होईपर्यंत त्यांच्या बैलांना सोमवारही उरत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांच्या रविवारांवरही खासगी शिकवण्यांनीं हात टाकिला आहे, परंतु त्याविषयीं पालकांशीं निराळें बोलूं.

त्याच १८९० सालीं लोखंडे यांच्या प्रेरणेनें मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरवून विधवांचें केशवपन आपण करणार नाहीं असें ठरविलें. ज्यांच्या हातून अन्याय करविला जात होता त्यांच्याच हातांनीं तो थांबविण्याची ही युक्ति आम्हांस फार मार्मिक वाटते. १८९३ सालीं मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्या वेळीं ते सलोख्यासाठीं झटले. पुढें सरकारनें त्यांस रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईंत गांठीचा ताप शिरला. गिरण्या ओस पडूं लागल्या. हजारों लोक गांठोडीं घेऊन घांट चढून आपापल्या गांवीं परतले. जे परत जाऊं शकले नाहींत, आणि सरकारी दवाखान्याच्या भीतीनें दुखणें लपवूं लागले, त्यांच्यासाठीं लोखंडे यांनीं मराठा हॉस्पिटल उघडिलें व स्वतः रोग्यांमध्यें वावरूं लागले. या कामास वार नव्हता. शब्बाथाच्या दिवशीं वाळलेल्या हाताचा मनुष्य बरा केल्याबद्दल प्रभूवर परूश्यांनीं ठपका ठेविला, ती कथा विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. रोग्यांची सेवा करितां करितां लोखंडे यांनाही तोच ताप आला, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं, वयाची पन्नाशीही गांठली नसतां, त्यांचें देहावसान झालें. सुमारें एक महिन्यानें, १० मार्च रोजीं, पुण्यास प्लेगच्याच रोग्यांची शुश्रूषा करितांना सावित्रीबाई फुले वारल्या. त्या आपल्या सातारा जिल्ह्यांतील नायगांवच्या. भारत सरकारनें लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढिलें तें २००५ सालीं.